वेबसाइटचा रहिवासी दाखला: फुकटचं सुरक्षा प्रमाणपत्र आपलं आपण बसवताना

वसमतकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे कागद चाळताना मला एक बिल सापडलं. ‘संकेतस्थळ सुरक्षा प्रमाणपत्र, वार्षिक नूतनीकरण’, पुढे साडेतीन हजार रुपये आणि वर जीएसटी. कंपनी म्हणजे हळद पिकवणारे शे-दीडशे सभासद, एक गोदाम, एक पॉलिशचं मशीन आणि चार पानांची एक वेबसाइट. तिच्यावरचा फॉर्म भरून पुण्या-मुंबईची माणसं हळकुंडं आणि पूड मागवतात. बिल कशाचं म्हणून विचारलं तर सचिव म्हणाले, “काय माहिती सर, दरसाल येतंय अन् आम्ही भरायलाव. नाही भरलं तर साइट लाल पडतीय म्हणं.”

भीती खरी होती. प्रमाणपत्र संपलं की ब्राउझर, म्हणजे साइट उघडून दाखवणारा प्रोग्राम, खरंच लाल खूण दाखवतो आणि गिऱ्हाईक मागे फिरतं. पण हेच प्रमाणपत्र 2015 च्या डिसेंबरपासून कुणालाही फुकट मिळतं, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मराठवाड्यातल्या कितीतरी पतसंस्था, शाळा, वाचनालयं आणि छोटे उद्योग असंच बिल मुकाट्याने भरतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. प्रमाणपत्र करतं काय हे एकदा डोक्यात बसलं, की बसवण्याच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

त्याची कामं दोन. पहिलं काम म्हणजे बोलणं बंद पाकिटात घालणं. लातूरला शिकणारा मुलगा हॉस्टेलच्या वायफायवरून एखादा फॉर्म भरतो. त्याच वायफायवर आणखी चाळीस मुलं असतात. साइटचा पत्ता नुसत्या एचटीटीपीचा असेल तर त्याचं नाव, मोबाइल नंबर, पासवर्ड हे सगळं उघड्या पोस्टकार्डासारखं जातं. वाटेतल्या कुणालाही ते वाचता येतं. इतकंच काय, त्यात खाडाखोड करून दुसराच मजकूर घुसवताही येतो. एचटीटीपीएस, म्हणजे शेवटी ‘एस’ असलेला पत्ता, हे पोस्टकार्ड पाकिटात घालून चिकटवतो.

पण पाकीट चिकटवून ते भलत्याच माणसाच्या हातात दिलं तर उपयोग काय? म्हणून दुसरं काम ओळख पटवण्याचं, आणि प्रमाणपत्र मुख्यतः त्यासाठीच लागतं. बँकेत आपण खातं उघडताना सहीचा नमुना देतो. पुढे चेक आला की बँक त्यावरची सही नमुन्याशी ताडून बघते. सर्व्हरही, म्हणजे साइट ज्या संगणकावर ठेवलेली असते तोही, असाच दोन किल्ल्यांचा एक जोड तयार करतो. त्यातली खाजगी किल्ली म्हणजे सही करणारा हात. तो सर्व्हर सोडून कधीच कुठे जात नाही. सार्वजनिक किल्ली म्हणजे सहीचा नमुना, तो कुणीही पाहावा. प्रमाणपत्रात एवढंच लिहिलेलं असतं की अमुक नावाच्या वेबसाइटच्या सहीचा नमुना हा आहे, आणि तो अमुक तारखेपर्यंत ग्राह्य धरावा. तुम्ही साइट उघडता तेव्हा ब्राउझर आणि सर्व्हर मिळून त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली ठरवतात. सर्व्हर त्या बोलण्यावर सही करतो आणि ब्राउझर ती नमुन्याशी ताडून पाहतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

आता हा नमुना खरा, हे कोण सांगणार? इथे मला ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आठवतो. तुम्ही अमुक गावचे रहिवासी, एवढंच तो सांगतो. तुम्ही सज्जन आहात की उधारी बुडवणारे, याबद्दल त्यात एक शब्द नसतो. वेबसाइटचं प्रमाणपत्रही तसंच असतं. ज्या नावाची पाटी आहे त्याच दारात तुम्ही उभे आहात, एवढीच त्याची ग्वाही. फसवणाऱ्या साइटलाही स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि मिळतं. लोक कुलपाचं चित्र बघून साइट भरवशाची समजत होते, म्हणून 2023 च्या सप्टेंबरात क्रोमने पत्त्याशेजारचं ते कुलूपच काढून टाकलं. कुलूप दिसतंय म्हणजे पैसे भरायला हरकत नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याला हा फरक जरूर समजावून सांगा.

फुकट दाखले देणाऱ्या सेवेचं नाव लेट्स एन्क्रिप्ट. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही अमेरिकेतली ना-नफा संस्था ती चालवते, देणग्यांवर आणि प्रायोजकांच्या पैशांवर. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातल्या काही माणसांनी तिचा पाया घातला. त्यांच्यातले पीटर एकर्सली 2022 च्या सप्टेंबरात अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. वसमतची हळद मागवणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर आज बंद पाकिटातून जातो त्यात या माणसाचाही वाटा आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

फुकटचं म्हणजे कमअस्सल, हा समज आधी काढून टाका. पाकिटाचा डिंक साडेतीन हजारांच्या आणि फुकटच्या प्रमाणपत्रात सारखाच असतो. महागडी प्रमाणपत्रं देणारे कंपनीची नोंदणीची कागदपत्रं तपासतात, एवढाच काय तो फरक. पूर्वी अशा साइटच्या पत्त्याशेजारी हिरव्या अक्षरात कंपनीचं नाव दिसायचं. 2019 साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही ते तिथून हलवलं. छोट्या संस्थेला त्या खर्चाची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दाखला द्यायचा तर तुम्ही त्या घरात राहता हे तपासायला नको का? जनगणनेला आलेला माणूस दारावर गेरूने किंवा रंगाने नंबर टाकून जातो. लेट्स एन्क्रिप्ट उलटं करते. ती तुम्हाला एक लांबलचक अंक-अक्षरांचा आकडा देते आणि म्हणते, घर तुमचं असेल तर हा आकडा तुमच्याच दारावर, आम्ही सांगू त्या जागी लिहून ठेवा, आमचा माणूस येऊन बघेल. ती जागा म्हणजे वेबसाइटवरचं एक ठरावीक फोल्डर. मग तिचे संगणक तुमच्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, पत्त्यावर पोर्ट 80 ने, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दाराने, येतात आणि आकडा वाचतात. 2020 पासून ते एकाच वाटेने येत नाहीत, जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन बघतात, म्हणजे मधे कुणी एक वाट वळवली तरी फसगत होत नाही. आकडा जुळला की दाखला मिळाला. कागद नाही, सही-शिक्का नाही, चहापाणी नाही. हे काम माणूस करत नाही म्हणूनच ते फुकट देणं परवडतं.

दारावर लिहायची सोय नसेल तर दुसरी रीत आहे. आकडा डोमेनच्या डीएनएस नोंदीत टाकायचा, म्हणजे कोणतं नाव कोणत्या सर्व्हरचं हे जिथे लिहिलेलं असतं त्या जणू गावच्या नोंदवहीत. एका मुख्य नावाखालच्या सगळ्या उपनावांसाठी मिळून एकच प्रमाणपत्र हवं असेल तर हीच रीत लागते, आणि अशी प्रमाणपत्रं 2018 च्या मार्चपासून मिळतात. ‘.भारत’ची देवनागरी नावंही चालतात. सर्व्हरला मात्र ती त्यांच्या रोमन रूपात सांगावी लागतात.

आता प्रत्यक्ष काम. कंपनीची साइट महिना काही शे रुपयांच्या भाड्याच्या सर्व्हरवर होती. त्यावर संगणक चालवणारी उबंटू लिनक्स प्रणाली आणि साइटची पानं पाठवणारा एनजिनएक्स हा प्रोग्राम. तुमची साइट असा स्वतंत्र सर्व्हर न घेता साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या सामायिक सर्व्हरवर, असेल, तर आधी होस्टिंगच्या पॅनलमध्ये ‘एसएसएल’ नावाचा भाग उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी हेच फुकटचं प्रमाणपत्र तिथे एका बटणावर मिळतं आणि खालचं काहीच करावं लागत नाही.

स्वतःचा सर्व्हर असेल तर पहिलं काम पत्ता तपासण्याचं. डोमेन नावाची ‘ए’ नोंद याच सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे बोट दाखवते ना, ते बघायचं. आम्ही इथेच पहिल्यांदा अडकलो. ‘ए’ नोंद बरोबर होती, पण जुन्या सर्व्हरच्या काळातली एक ‘एएएए’ नोंद, म्हणजे आयपी आवृत्ती 6 चा पत्ता, तशीच पडून होती. आपल्याकडे एकाच माणसाचं एक घर गावात असतं आणि एक आखाड्यावर, म्हणजे शेतात. आम्ही आकडा लिहिला गावातल्या दारावर, आणि तपासायला येणारा गेला आखाड्यावर. दोन्ही पत्ते दिसले तर लेट्स एन्क्रिप्ट आधी आवृत्ती 6 च्या पत्त्यावर जाते. जुनी नोंद काढली आणि पुढच्या खेपेला काम झालं.

दुसरं काम दारं उघडी ठेवण्याचं. पोर्ट 80 आणि ‘एस’वाल्या पत्त्याचं पोर्ट 443, दोन्ही. सर्व्हरवरची फायरवॉल, म्हणजे दारांवरची राखण, वेगळी असते आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पॅनलमधली वेगळी. एक उघडून दुसरी विसरलं की माणूस तासभर डोकं धरून बसतो.

मग सर्टबॉट नावाचा प्रोग्राम बसवायचा. तो इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने बनवला आहे. उबंटूवर तो स्नॅप या प्रोग्राम बसवण्याच्या सोयीतून घेतलेला बरा, कारण तिथे तो आपोआप अद्ययावत राहतो. आधी कुणी एपीटी या दुसऱ्या सोयीने जुना बसवला असेल तर तो काढून टाका, नाहीतर एकाच नावाचे दोन गडी एकमेकांच्या कामात येतात. पुढची आज्ञा एका ओळीची आहे. उच्चार लिहितो, टाइप अर्थात रोमनमध्ये करायची: सुडो सर्टबॉट, पुढे दोन डॅश आणि एनजिनएक्स. सर्व्हरवर अपाचे हा तसाच दुसरा प्रोग्राम असेल तर शेवटी एनजिनएक्सच्या जागी अपाचे. तो ईमेल विचारतो, अटी मान्य आहेत का विचारतो आणि कोणत्या नावांसाठी प्रमाणपत्र हवं ते विचारतो. इथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं, दोन्ही नावं निवडा. एकच निवडलं की अर्ध्या लोकांना साइट नीट उघडते आणि अर्ध्यांना इशारा दिसतो, मग फोनवर कुणाला काय दिसतंय ते कळता कळत नाही.

आकडा मागणं, दारावर लिहिणं, तपासणी झाली की पुसणं, दाखला आणून एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये जोडणं आणि साध्या पत्त्यावर येणाऱ्याला ‘एस’वाल्या पत्त्याकडे वळवणं, हे सगळं सर्टबॉट स्वतः करतो. आमच्याकडे याला मिनिटभरही लागलं नाही.

हातानेच सेटिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सर्टबॉट चार फायली देतो: सर्ट, चेन, फुलचेन आणि प्रिव्हकी. प्रिव्हकी म्हणजे ती खाजगी किल्ली, ती ना ईमेलने पाठवायची ना व्हॉट्सॲपवर. एनजिनएक्सला सर्ट नाही, फुलचेन द्यायची. कारण असं की तुमच्या दाखल्यावर ज्याची सही आहे, त्याच्या अधिकारपत्रावर त्याच्या वरच्याची सही असते, तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी अशी उतरंड असते तशी. ब्राउझर फक्त सगळ्यात वरच्याला ओळखतो. मधल्याचं अधिकारपत्र सोबत जोडलं नाही तर काही संगणकांवर साइट व्यवस्थित उघडते, कारण त्यांनी तो मधला आधी कुठेतरी पाहिलेला असतो, आणि एखाद्या मोबाइलवर मात्र अडते. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यावर अशा वेळी विश्वास ठेवू नका.

प्रयोग करताना हात आखडता ठेवा. अगदी त्याच नावांचं प्रमाणपत्र सात दिवसांत पाचापेक्षा जास्त वेळा मिळत नाही. त्याच नावाची तपासणी एका तासात पाच वेळा फसली तर तात्पुरतं दार बंद होतं. सरावासाठी त्यांचा वेगळा चाचणी सर्व्हर आहे. सर्टबॉटच्या ‘सर्टओन्ली’ (नुसता दाखला आणणाऱ्या) किंवा ‘रिन्यू’ (नूतनीकरणाच्या) आज्ञेच्या शेवटी दोन डॅश आणि ड्राय-रन जोडलं की सगळी रंगीत तालीम होते आणि खऱ्या खात्यात काही मोजलं जात नाही.

प्रमाणपत्र बसूनही पान पूर्ण सुरक्षित दिसत नसेल तर बहुतेक वेळा पानातल्या एखाद्या चित्राचा पत्ता अजून ‘एस’शिवायचा असतो. आमच्या मुखपृष्ठावरचा हळदीच्या शेताचा फोटो तसाच होता, दुरुस्त केला. आणि हेही माहीत असू द्या की दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक नोंदवहीत होते. ‘हिशेब’ किंवा ‘चाचणी’ असं उपनाव घेऊन साइट लपवून ठेवली असं समजू नका. ते नाव कुणालाही शोधता येतं.

एवढं झाल्यावर सचिवांनी विचारलं, “म्हणजे आता झालं ना कायमचं?” नाही. हा दाखला फक्त 90 दिवसांचा असतो. मुद्दामच थोड्या दिवसांचा ठेवलेला आहे. किल्ली चोरीला गेली तर चोराला फार दिवस वापरता येऊ नये हे एक कारण. दुसरं, एवढ्या वेळा हाताने नवं करण्याचा कंटाळा येऊन तरी लोकांनी हे काम यंत्रावर सोपवावं. सर्टबॉट दिवसातून दोनदा उठून मुदत बघतो आणि साधारण तीस दिवस उरले की नवा दाखला आणतो. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणारे यांच्या मंडळाने 2025 च्या एप्रिलमध्ये ठरवलं की 2029 च्या मार्चपासून कुठलंच सार्वजनिक प्रमाणपत्र, विकतचं असो की फुकटचं, 47 दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. वर्षातून एकदा बिल भरून मोकळं व्हायचे दिवस संपत आलेत.

आणि नेमकं हे आपोआप होणारं कामच एकदा आमच्या अंगाशी आलं. मार्च महिना, हळद शिजवून वाळत पडलेली, मागणीचे फोन सुरू. अशात सचिवांचा फोन आला, “सर, साइट उघडायलीच नाही. तुमचे कनेक्शन खाजगी नाही असं काहीतरी यायलंय.” झालं असं होतं की सर्व्हर सांभाळणाऱ्या पोराने कुठेतरी वाचून ‘असुरक्षित’ म्हणून पोर्ट 80 बंद केलं होतं. हेतू चांगलाच होता. पण तपासायला येणारा त्याच दाराने येतो. महिनाभर रोज दोनदा सर्टबॉट दाखला मागत होता, दार बंद बघून तपासणी फसत होती आणि ते कुणाच्या कानावर आलं नाही. मुदत संपायच्या आधी लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी ईमेल पाठवायची. 2025 च्या जूनपासून तिने ते बंद केलं आहे. दार उघडलं, सर्टबॉट रिन्यू चालवलं, दहा मिनिटांत साइट सुरू झाली. तोवर दीड दिवसाच्या ऑर्डरी हातच्या गेल्या होत्या.

तेव्हापासून मी तीन गोष्टी केल्याशिवाय काम संपलं म्हणत नाही. रिन्यूची रंगीत तालीम करून बघतो. नवा दाखला आला की एनजिनएक्सने तो पुन्हा वाचावा अशी सोय आहे ना ते तपासतो, नाहीतर डिस्कवर नवा दाखला असतो आणि सर्व्हर डोक्यातला जुनाच दाखवत राहतो. आणि मुदतीवर लक्ष ठेवून आधी कळवणारी एखादी बाहेरची फुकट सेवा लावून देतो, दोन वेगवेगळ्या माणसांच्या ईमेलवर.

कधी दोष सर्व्हरचा नसतोच. एका गावच्या सेवा केंद्रातून तक्रार आली की सगळ्याच साइट असुरक्षित दाखवतायत, बँकेचीसुद्धा. लाइट जाऊन आली की तिथल्या संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं, कारण मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता. दाखल्यावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात. त्या संगणकाच्या लेखी सगळे दाखले अजून लिहायचेच होते. नवा सेल टाकला आणि सगळं ठीक झालं.

राहता राहिला एक कागद. आपल्याकडे साइट बनवणारं पोरगं वर्ष-दोन वर्षांत पुण्याला नोकरीला लागतं. डोमेन त्याच्या ईमेलवर, सर्व्हरचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर. दोष त्याचा नसतो, कुणी मागून घेतलेलं नसतं. वसमतच्या कंपनीत आम्ही एक पान टाइप करून ठरावांच्या फायलीत लावलं: डोमेन कुठून घेतलं आणि त्याची मुदत कधी, सर्व्हर कुणाचा, कोणतं ईमेल खातं, पोर्ट 80 उघडं का ठेवायचं, आणि रिन्यूची तालीम करण्याची ती एक ओळ. पासवर्ड त्यात लिहिले नाहीत. ते बंद लिफाफ्यात अध्यक्षांच्या कपाटात आहेत, आणि खाती कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवर केली आहेत. दर तिमाहीच्या बैठकीला सचिव आता ते पान काढतात आणि साइट मोबाइलवर उघडून दाखल्याची तारीख सगळ्यांना वाचून दाखवतात.